दुकानासमोर बसलेले चित्रकार

भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातुरात कागद-पेन्सिल घेऊन इमारतीकडे बघत बसलेला माणूस म्हणजे सर्वेवाला, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तो भेगा टिपून न्यायचा. मग कुणाला मदत मिळायची, कुणाला जागा खाली करायला सांगायचे. त्यामुळे बाजाराच्या दिवशी माझ्या पिको-फॉलच्या दुकानासमोर चार माणसं मांडीवर फळ्या घेऊन बसली, तेव्हा मी मशीन थांबवून बाहेर गेले.

नांदेडचे चित्रकार होते म्हणे. बाजारात, लोकांसमोर बसून चित्रं काढणार होते.

"एखाद्या हॉलमध्ये का नाही बसत?" मी विचारलं.

"प्रदर्शन भरवलं होतं, ताई," त्यांच्यातला दाढीवाला म्हणाला. "छताखाली यायला कुणी तयारच नाही."

कारण पटण्यासारखं होतं. जमीन अजून अधूनमधून गुरगुरायची. पण पटण्यासारखी कारणं मी आमच्या इमारतीच्या मालकाकडूनही रोज ऐकत होते. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे आणि त्यांना माझा गाळा रिकामा हवा होता. शिकवण्यांचं पीक आलं होतं. चाकूर, देवणीकडची पोरं वळकट्या घेऊन शहरात उतरत होती आणि शिकवणीवाले मिळेल ती जागा उचलत होते. "इमारत धोक्याची झाली, अक्का. तुमच्याच जिवासाठी सांगून राहिलो," असं अप्पा म्हणायचे. दर्शनी भिंतीला भेग होती, हे खरं. मी गवंडी आणून ती ठोकून बघितली होती. भेग गिलाव्याची होती, भिंतीची नव्हती. घर त्या दुकानावर चालत होतं आणि दुसरा गाळा मिळण्याची आशा नव्हती.

दाढीवाला नेमका त्याच भिंतीकडे तोंड करून बसला होता. याला अप्पांनीच पाठवलंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. फॉल लावायला आलेल्या साड्या मी बाहेरच्या दोरीवर पसरल्या आणि भेग झाकून टाकली.

"ऊन दाखवतेय," मी म्हटलं. त्यानं काही विचारलं नव्हतं.

समोरच्या ओळीत टोप्या विकणाऱ्या चाचांची घाई उलटी होती. मदतीचा सर्वे आला असं समजून ते छिन्नीनं आपल्या भिंतीची भेग रुंद करत होते.

"चाचा, ते चित्रवाले हायत."

"सब ऐसाच बोलते, बेटी. मागच्या टायमाला बी चहा पिऊन गेले, अन् मदत शेजाऱ्याला."

दुपारी अप्पा आले. चित्राकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्या उंबऱ्याशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ह्यांला कोन आणलं?"

"तुम्हालाच ठाऊक असंल की."

"मी कशाला आणू?"

त्यांचा चेहरा खोटा वाटला नाही. मला जी भीती होती तीच त्यांनाही होती, फक्त उलट्या बाजूनं. ते चित्रकाराकडे वळले. "चित्रावर तारीख टाकता का?"

"टाकतो की. सही आणि तारीख."

अप्पांचं तोंड उतरलं. मी कागदाकडे बघितलं. साड्या होत्या, भिंत होती, भेग नव्हती. इमारत ताठ उभी होती आणि खाली तारीख पडणार होती. इमारत धोक्याची नाही, याचा तो पुरावाच झाला असता.

"हे मला द्या," मी म्हटलं.

"मी घेतो," अप्पा म्हणाले. "काय म्हणाल ते देतो."

दाढीवाल्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "माझी चित्रं सासरेसुद्धा फुकट नेत नाहीत. तुम्ही दोघं भांडून राहिलात, म्हणजे ह्यात काहीतरी गोम हाय." त्यानं चित्र गुंडाळून पिशवीत घातलं आणि चौघंही संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेले.

महिनाभरानं अप्पा ब्लाउजचं कापड घेऊन आले. ते काम नेहमी त्यांची सून आणायची.

"ते चित्र कुठं हाय म्हणं?"

"नांदेडला. जपून ठेवलंय."

"कुणाकडं?"

"हाय एकाकडं."

कापड मशीनवर ठेवून ते निघून गेले. पुढच्या हंगामात त्यांनी शिकवणीवाल्यांना मागचं सरकीचं गोदाम दिलं. माझा गाळा माझ्याकडेच राहिला. दाढीवाल्याचं नाव काय, तो नांदेडात कुठं राहतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी शोधायलाही गेले नाही. चित्रातल्या साड्यांच्या खाली, मी झाकण्याआधीच काढलेली भेग निघाली असती तर?