फारशी न वापरलेली शिलाई मशीन

आखातातल्या रुवैस गावातलं आमचं घर आवरायला घेतलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला अक्कल सोडून बाकी सगळं होतं. बाबांची रिफायनरीतली नोकरी संपली होती, व्हिसा रद्द व्हायला पाच आठवडे उरले होते आणि घरात बारा वर्षांचा पसारा. जे पुण्याला न्यायचं ते कार्गोच्या खोक्यांत, बाकीचं विकायचं, असं बाबांनी जाहीर केलं. विकायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात कॉम्प्युटर मलाच कळायचा.

मी लहान असताना परत जाणारी माणसं सुपरमार्केटच्या दारातल्या बोर्डावर कागद लावत. खाली कात्रीने कापलेल्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर फोन नंबर. आम्ही मुलं त्या पट्ट्या उगाच फाडून आणायचो आणि घरी बोलणी खायचो. आता इंटरनेटवर जाहिरातींची साइट निघाली होती. प्रीपेड कार्ड खरवडून नंबर टाकायचा, मोडेम कुंई-कुंई करत जोडला जायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. एक फोटो चढेपर्यंत आईचा कुकर होऊन जायचा. तरी मला त्यात काय मजा यायची! सोफा, फ्रिज, बाबांची व्यायामाची सायकल. मी किंमत दिरहममध्ये लिहायचे आणि बाबा मागे उभं राहून ती मोठ्याने रुपयांत सांगायचे आणि हळहळायचे. त्या साइटवर झाडून सगळे एकच वाक्य लिहीत, म्हणून मीही प्रत्येक वस्तूखाली इंग्रजीत तेच ठोकून द्यायचे : फारशी वापरलेली नाही. सायकलीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं.

राहता राहिली आईची शिलाई मशीन. आम्ही इथे आलो त्याच वर्षी अबू धाबीहून घेतलेली, क्रीम रंगाची, विजेवर चालणारी. येताना अडीच तास आईने ती बसमध्ये मांडीवर धरली होती. माझे सगळे फ्रॉक त्यावर शिवले गेले. कॉलनीतल्या मराठी, गुजराती, मल्याळी बायकांचे ब्लाउज, शाळेच्या गॅदरिंगमधले मोर आणि परी, सगळ्यांच्या साड्यांचे फॉल. आणि पडदेही. पाचवीत असताना एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. उरलेल्या पडद्याच्या कापडाचा माझा फ्रॉक होता. तो मी परत अंगाला लावला नाही. मॉलमधून आणलेले, मागे लेबल असलेले कपडे मला हवे होते आणि त्या मशीनचा मला मनापासून राग होता.

ती खोक्यात मावेल का, असं आईने एकदा बाबांना विचारलं. वजन फार होतंय, पुण्यात नवी घेऊ, असं बाबा म्हणाले. आई म्हणाली, बघू. तिचं 'बघू' म्हणजे 'नको' हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी जाहिरात टाकली.

फोटोसाठी मशीन उजेडात आणली तर त्यावर डाग. आई दर दसऱ्याला मशीन, मोठी कात्री, बाबांचं कामावरचं हेल्मेट आणि माझी कंपासपेटी पाटावर मांडून पुजायची. मशीनच्या कपाळावर, म्हणजे कंपनीचं नाव होतं तिथे, दर वर्षी एकाच जागी हळदीकुंकवाचं बोट लावायची. वर्षानुवर्षांचं ते कुंकू रंगात मुरलं होतं. फोटोत ती जागा घाण दिसायची. आई शेजारी गेली होती. मी नेलपॉलिश रिमूव्हरची अर्धी बाटली रिकामी केली आणि घासलं. कुंकू गेलं, त्याबरोबर कंपनीचं नाव गेलं, रंगाची चमकही गेली. मला वाटलं, छान, नवीकोरी दिसतेय.

आई आली आणि त्या जागेवरून तिने हात फिरवला.

"पुसलंस?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं, की घाण दिसत होतं, असलं कोण विकत घेईल. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी एक गृहस्थ आले. चिपळूणच्या बाजूचे, रिफायनरीत कंत्राटदाराकडे वेल्डर, कामगारांच्या कॅम्पात राहणारे. त्यांची हजेरी मांडणाऱ्या टाइमकीपरने ऑफिसात जाहिरात पाहून छापून दिली होती. तो कागद चार घड्या घालून खिशात आणला होता. आईने पोहे केले, कारण आमच्याकडे फ्रिज बघायला आलेल्यालाही पोहे मिळत. खाऊन झाल्यावर त्यांनी कागद उलगडला.

"वहिनी, टाइमकीपर बोलला, ह्यात लिहिलंय मशीन फारशी वापरलीच नाही. पडून राहिलेली मशीन जाम होते. काय खरं ते सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. "असं लिहिलंस तू?"

सगळेच लिहितात, असं मी पुटपुटले.

आई मशीनपाशी जाऊन बसली. त्या माणसाकडे न बघता, मशीनकडे बघत म्हणाली, "बारा वर्षं रोज चाललीय. एखादा दिवस चुकला असेल तर मी आजारी होते म्हणून." मग तिने मोर सांगितले, परी सांगितल्या, माझे फ्रॉक सांगितले, पडद्याचासुद्धा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

ते गृहस्थ वाकून मशीन न्याहाळत होते. कपाळाजवळच्या एका स्क्रूच्या खाचेत लाल रेघ उरली होती. माझं रिमूव्हर तिथपर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, दसऱ्याला पुजता वाटतं? मग निवांत होऊन सांगू लागले, की बायको शिवणाचा क्लास शिकलीय, गावात शिवणारं कुणी नाही, आणि त्यांना अशीच, हात फिरलेली मशीन हवी होती.

आईने 'बघू' म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. बाबांनीही वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, की बायको शिवायला बसणार कुठे, उजेड आहे का तिथे. पडवीत बसेल, भरपूर उजेड आहे, असं ते म्हणाले.

आई उठली. देवापुढची हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि मी घासून पांढरी केलेल्या जागेवर बोट टेकवलं. सोबत एक नारळ आणि तिच्या ठेवणीतला खण दिला.

"हे त्यांच्या ओटीसाठी. आणि त्यांना सांगा, हे पुसायचं नाही."

माझ्याकडे बघून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी आत जाऊन रडले, आणि रडताना अंगात तिनेच शिवलेला पायजमा होता, हेही मला तेव्हाच दिसलं.

संध्याकाळी मी जाहिरात काढायला बसले. आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ते वाक्य आधी बदल. मी म्हटलं, अगं विकली गेली, आता कोण वाचणार? ती तिथून हलली नाही. मग मी लिहिलं : बारा वर्षं रोज वापरलेली. तिने ते मराठीतून दोनदा वाचून घेतलं. काढू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे. आपण जाईपर्यंत राहू दे."

म्हणून विकलेल्या मशीनची जाहिरात आमचं विमान सुटेपर्यंत तशीच राहिली आणि फोन येत राहिले. मला ती रिसीव्हर उचलू द्यायची नाही. पोळ्या करता करता, पिठाच्या हाताने स्वतः घ्यायची आणि आपल्या हिंदीत प्रत्येकाला सांगायची, "मशीन बिक गयी भाईसाब. लेकिन बहुत चली हुई थी हां, बारा साल, रोज."