शंकरपाळे सर

आमचे तर्कशास्त्राचे सर फळ्यावर दोनच चित्रं काढत, चौकोन आणि शंकरपाळा. जे वाक्य खोटं असणं शक्यच नाही, त्याच्या डोक्यावर चौकोन. जे खरं असू शकतं, त्यावर शंकरपाळा. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना शंकरपाळे सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

सर मूळचे सोनाळ्याचे. शिकवताना पुस्तकी बोलत, चिडले की वऱ्हाडी. "एस.टी. उशिराच येणार," असं कुणी सहज म्हटलं तरी खडू पुढे करत. "काढ चौकोन! आजवर उशिरा आली, हे कबूल. पण उशिरा यावंच लागते काय तिले? नेहमी होते अन् व्हावंच लागते, यातली गल्लत करून लोकांनी लय माणसं दाबून ठेवली."

मी पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं वाचून वाढलेला. राज्य नवं झालं होतं, पण आमच्या बोर्डिंगात जेवायला दोन पंगती बसत. एक आत, एक अंगणात. अंगणात कुणाला बसवत, हे वेगळं सांगायला नको. मी पेटून पत्रक लिहिलं, 'समतेचा विजय अटळ आहे!' खाली सही, 'एक विद्यार्थी'. छापण्याआधी सरांना दाखवलं. त्यांनी 'अटळ'वर चौकोन काढला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"पक्कं अटळ?"

"हो सर."

"मग पत्रक काऊन छापून राह्यला बे? झोप न. विजय येईल चालत."

मी पत्रकाची घडी घालू लागलो.

"तू कोणत्या पंगतीत बसतो?"

"आतल्या."

"तिथं बसून अटळ म्हणणं सोपं हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर बोर्डिंगात आले आणि अंगणात माझ्या वर्गातल्या सुखदेवशेजारी ताट घेऊन बसले. वाढणारे महाराज धावत बाहेर आले.

"सर, तुमचं पान आत मांडलं. इथं बसणं होऊच शकत नाही."

"महाराज, होऊन राह्यलं. जे होऊन राह्यलं ते अशक्य कसं? वाढा."

सुखदेव म्हणाला, "सर, इथं येईस्तोवर डाळीचं पाणी होते. त्याच्यावर काढा चौकोन."

सर खो खो हसले. मी आतून हे पाहत होतो. ताट उचललं आणि बाहेर जाऊन बसलो. माझ्यामागून आणखी दोघे आले. तेवढेच.

उन्हाळ्यात, कॉलेज आणि बोर्डिंग चालवणाऱ्या संस्थेनं सरांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. स्टँडवर त्यांची पत्र्याची पेटी धरून मी म्हणालो, "सर, हे होणारच होतं."

सर भडकले. "शंकरपाळा काढ! ते मले ठेवू शकत होते. ठेवलं नाही. म्हणूनच त्याहिले जाब विचारता येते. होणारच होतं म्हटलं, की ते सुटले अन् तूही सुटला."

त्या दिवशी एस.टी. वेळेवर सुटली.

परतल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. त्यात 'अटळ' कुठेच नव्हतं. दोन पंगती कोण मोडू शकत होतं आणि कुणी मोडल्या नाहीत, ते होतं. मी स्वतः दोन वर्षं आत बसून जेवलो, हेही होतं. खाली 'एक विद्यार्थी' लिहिलं, खोडलं आणि तिथं माझं पूर्ण नाव घातलं. छापून आल्यावर पहिली प्रत संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात दिली आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभा राहिलो.