डाव्या हाताला साडू

डेपोत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सत्तावीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवून त्याचं नाव 'टाइमटेबल' पडलं होतं, आणि ते त्याला मनातून आवडायचंही. सहा चाळीसची त्याची गाडी बाजाराच्या थांब्यावर लागली की समोरचा बेकरीवाला आपलं घड्याळ लावून घ्यायचा. बायको म्हणायची, ह्यांना शिंकसुद्धा वेळेवर येते.

त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बरोबर उलटा. त्याचं सलून होतं. दारावर 'आत्ता येतो' अशी पाटी अडकवून हा गडी दोन-दोन तास गायब व्हायचा. स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नाही, पण अख्ख्या गल्लीच्या केसांची काळजी ह्याला. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी वीस वर्षं टाइमटेबलचे केस साडूनेच कापले होते, आणि पाठीवर सॅक टाकून दहा दिवस दोघांनीच भटकायला जायचं हा बेत त्याच खुर्चीत शिजला होता. यंदा दोघी बहिणींनी मिळून त्यांना अक्षरशः घराबाहेर काढलं. जा एकदाचे, म्हणाल्या, नाहीतर म्हातारे व्हाल आणि आमच्याच नावाने बोटं मोडाल.

टाइमटेबल निघाला खरा, पण सॅकच्या तळाशी मोज्यांत गुंडाळून त्याने एक बाटली नेली होती. डोळ्यांत घालायच्या थेंबांची. ती बायकोला ठाऊक नव्हती.

डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. समोरचं सगळं लख्ख, फळ्यावरची बारीक ओळसुद्धा तो घडाघडा वाचायचा, म्हणून डेपोच्या तपासणीत काही सापडलंच नाही. कडेची नजर गेली होती, त्यातही डावीकडची जास्त. गेलेली परत येत नाही, उरलेली राखू, असं डॉक्टर म्हणाला, आणि चष्मा पुसता पुसता हेही म्हणाला की बस आजपासून बंद. टाइमटेबलने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला त्याची गाडी बाजारात हजर होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि गाडीखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. मार्ग त्याला पाठ होता. कुठला खड्डा, कुठलं वळण, कुठल्या थांब्यावर म्हातारी उशिरा उठते, सगळं. डावा आरसा पाहायला मान जरा जास्त वळवली की भागत होतं. फक्त एकदा थांब्याजवळ एक सायकलवाली बाई अचानक बंपरला खेटून दिसली आणि कसाबसा ब्रेक लागला. बाई शिव्या देत निघून गेली. त्या दिवशी डबा न खाताच त्याने घरी नेला, आणि पोट बिघडलंय असं सांगितलं.

तर प्रवासाला निघताना त्याने दहाही दिवसांचा तक्ता केला. कुठली बस, किती वाजता, उतरल्यावर डांबरी रस्ता कुठला, मुक्काम कुठे. तक्त्याबाहेरची जमीन त्याला नको होती. साडूला वाटलं, खोड जित्याची. तो दुसऱ्याच दिवशी एक पूल आवडला म्हणून दोन थांबे आधी उतरला. टाइमटेबल चडफडत त्याच्यामागोमाग उतरला आणि पुलाच्या कडेच्या लोखंडी खुंटावर नडगी फोडून घेतली. खुंट चुकीच्या जागी बसवलाय, असं त्याने जाहीर केलं.

साडूच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि कात्र्या जास्त. जिथे उतरतील तिथल्या मालकाचे, स्वयंपाक्याचे, कुणाचेही केस कापायला हा बसायचा, आणि मग ते लोक त्याला आपल्या घरी, शेतावर, टेकडीवर घेऊन जायचे. टाइमटेबल खोलीतच थांबायचा. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी बाथरूमची कडी लावून थेंब घालायचा. बाहेरून साडू विचारायचा, आत काय रांगोळी काढताय का. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, टाइमटेबलला प्रत्येक थट्टेत संशय दिसायचा, आणि तो नको इतका कडू बोलायचा.

सहाव्या दिवशी ठिणगी पडली. पुढच्या गावी नदीच्या धक्क्यावरून चारची होडी पकडायची होती. साडूला काठाकाठाने लव्हाळ्यातून जायचं होतं, टाइमटेबलला डांबरी रस्त्याने.

"साडूभाऊ, तुम्ही फिरायला आलात की ड्यूटीवर?" साडूने विचारलं.

"तुझ्यासारख्या बेजबाबदार माणसाबरोबर आलो हीच चूक झाली माझी."

शब्द तोंडातून सुटला आणि लागायचा तिथे लागला. साडू एरवी हसून सोडून द्यायचा, पण ह्या वेळी त्याने सॅकचे पट्टे आवळले आणि म्हणाला, बरं, मग धक्क्यावर भेटू. तो पायवाटेला लागला.

टाइमटेबल तीन चाळीसला धक्क्यावर पोचला. तिकिटाच्या खिडकीशी गर्दी होती. तो खांबापाशी उभा राहिला, उजवीकडून रस्ता येत होता तिकडे तोंड करून; पायवाट त्यालाच मिळत असणार असं त्याने धरलं होतं. तीन पन्नास झाले. साडूचा पत्ता नव्हता. लव्हाळ्यात चिखल असणार, पाय घसरला असेल, ह्याला पोहता तरी येतं का, हे आपल्याला माहीत नाही, असं एकेक मनात येऊ लागलं. बायकोच्या बहिणीला काय सांगायचं? चार वाजले. लोक होडीत चढले, दोर सुटला. सत्तावीस वर्षांत त्याने पहिल्यांदा आपली गाडी डोळ्यांदेखत जाऊ दिली. मग त्याने साडूला मोठ्याने हाक मारली, एकदा रस्त्याकडे, एकदा नदीकडे. कोणी ओ दिली नाही.

तो तिकिटवाल्या बाईच्या खिडकीशी गेला. एक टकला माणूस, लाल सॅकवाला, पाहिला का, असं त्याने विचारलं.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बाजूला पाहिलं आणि ती हसू लागली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. हे काय, तुमच्याजवळच तर उभे आहेत मघापासून."

टाइमटेबलने मान डावीकडे वळवली, पूर्ण वळवली. हातभर अंतरावर साडू उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर लाल सॅक. हाका संपतानाच तो पोचला होता आणि गंमत म्हणून हळूच येऊन शेजारी उभा राहिला होता. खांबापासून खिडकीपर्यंतही तसाच बरोबर आला होता, साडूभाऊ आत्ता पाहतील, आत्ता खेकसतील म्हणून. ओठांवर ठेवलेलं बोट अजून तिथेच होतं, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दोघे बाकावर बसले. टाइमटेबल म्हणाला की डोळ्यांवर ऊन येत होतं. आभाळ भरलेलं होतं.

साडूने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "केस कापताना तुमची मान सारखी डावीकडे वळते. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, मान आखडली असेल. मी मूर्ख, तेल लावून चोळून देत होतो."

मग त्याने टाइमटेबलकडे वळून विचारलं,

"तुम्हाला माहीत होतं?"

"थोडंफार. अलीकडेच कळलं." मग घाईघाईने तो म्हणाला, "पण रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ असेल. माणसं कशी पाठ असणार?" साडूचा आवाज चढला नव्हता. "माझी पोरगी रोज तुमच्या गाडीने कामाला जाते. पुढच्या सीटवर बसते. काकांची गाडी आहे, म्हणून सगळ्यांना सांगते. आणि उतरते कुठल्या बाजूने, साडूभाऊ?"

मग टाइमटेबलने सायकलवाल्या बाईची गोष्ट सांगितली. ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. सांगताना त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. साडू म्हणाला, मी घरी चकार शब्द काढणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगायचं, पण सोमवारी तुम्ही गाडीवर बसलात तर मी डेपोच्या फाटकात आडवा झोपेन.

टाइमटेबलने फोन काढला. डेपोत ड्यूट्या लावणारा कारकून त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेला, जुना दोस्त. सोमवारची सहा चाळीस दुसऱ्या कुणाला दे, असं त्याने सांगितलं. कारकुनाने विचारलं, किती दिवस.

"ते माहीत नाही."

टाइमटेबलला माहीत नाही म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला, असं म्हणून कारकून हसला. टाइमटेबलने एकदा श्वास घेतला.

"मला डाव्या बाजूचं दिसत नाही," तो म्हणाला. बाकावरची आणखी दोन माणसं वळून पाहू लागली.

पलीकडचं हसू थांबलं. "कधीपासून?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. शेजारी साडू ऐकत होता.

"डॉक्टरने सांगून चार महिने झाले."

तू ये, आपण बघू, एवढंच म्हणून कारकुनाने फोन ठेवला.

साडू 'अलीकडेच' धरून चालला होता. चार महिने म्हणजे शंभराच्या आसपास सकाळी झाल्या, आणि त्याची पोर दर सकाळी त्या गाडीतून उतरली होती. तो उठला आणि पाण्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

पाच वाजता दुसरी होडी आली. धक्क्यावरून होडीत जायला अरुंद फळी होती, कठडा नसलेली. टाइमटेबल फळीच्या तोंडाशी थबकला. मग कोपराला साडूचा हात लागला, डावीकडून, घट्ट. दोघे एकेक पाऊल टाकत निघाले. साडूच्या चेहऱ्यावर काय आहे ते टाइमटेबलला दिसत नव्हतं, आणि मान वळवून बघायचा त्याला धीर झाला नाही.