पेट्रोल शर्यतीपुरतंच

घाटकोपरला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक कारकून राहायचा. पवईकडच्या माळावर रविवारी मातीतल्या मोटारसायकलच्या शर्यती व्हायच्या, त्यात हा आपली जुनी गाडी घेऊन उतरायचा. पेट्रोल भडकलं, टायर महागले, प्रवेश फी वाढली, तसा एकेक जण गळाला. हा नाही. काहीही सांगा, "बघू ना" म्हणायचा आणि आधी ठरवलेलंच करायचा.

एका रविवारी सकाळी पवईच्या चढावर तो गाडी ढकलत निघालेला दिसला. मागून बायको पदर खोचून सीट रेटत होती. मी स्कूटर थांबवली.

"काय रे, बंद पडली?"

"बंद कशाला पडेल? पेट्रोल शर्यतीपुरतंच आहे."

"माझ्यातलं घे की थोडं."

"आज घेईन रे. पुढच्या रविवारी काय करू?"

संध्याकाळी त्याच चढाच्या माथ्यावर दोघं परतताना भेटली. तो नेहमीसारखा शेवटून दुसरा आला होता, नखशिखांत धुळीने माखलेला.

"आता तरी चालू कर," मी म्हटलं.

"बघू ना."

बायकोने गाडी हलवून टाकीला कान लावला. "उरलंय थोडं," ती म्हणाली, "पुढच्या वेळेला होईल."

मग उतार लागला. दोघं गाडीवर बसली आणि इंजिन बंद ठेवूनच माझ्या स्कूटरच्या पुढे निघून गेली.