रस्त्यापलीकडचे उंदीर

"आज थंडी फार आहे," असे आमच्या सायन्स मास्तरांना कोणी म्हणाले की ते लगेच विचारीत, "कशावरून?" समोरच्याने "कुडकुडतोय म्हणून," असे उत्तर दिले तर ते समाधानाने मान हलवीत. "पुरावा आहे. पुढे बोला." उत्तर न देता कोणी नुसता हसला, तर मात्र तो माणूस त्यांच्या लेखी थंडीबद्दल बोलायला नालायक ठरे. देवासात त्यांना सगळे "कशावरून मास्तर" म्हणत. भाजीवालीसुद्धा मेथी पुढे करून आपणच म्हणे, "ताजी आहे, मास्टरसाब. कशावरून ते विचारू नका, हात लावून बघा."

ते मूळचे धारचे. तेथल्या शाळेत असताना त्यांनी तलावाच्या घाटावर खुणा केलेली एक लाकडी पट्टी पुरली होती आणि पाणी किती उतरते ते ते पाहत असत. मात्र पट्टी पाहून घरी जात नसत, तिरल्याच्या बाजूला खेड्यांत हिंडत. विहिरीला पाणी आहे का, जोंधळा किती पेरला, यंदा माहेरी कोण आले, कोण आले नाही, असे बायकापुरुषांना विचारीत. या चौकशा कशासाठी होत्या, असे मी पुढे एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "दामोदर, पाणी किती आटलं ते पट्टी सांगते. त्यानं घरात काय झालं ते पट्टीला कसं कळणार? दोन्ही कळल्याशिवाय अभ्यास अर्धा."

मास्तर पुढे देवासच्या शाळेत आले तेव्हा मी तिथे खालच्या वर्गांना शिकवीत होतो. वडील हाटपिपल्याला शिवणकाम करीत. आमचे पूर्वज सरदारांच्या लवाजम्याबरोबर तंबू शिवायला म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. घरात मॅट्रिक झालेला मीच पहिला, आणि याच्यापुढे काही असते हे मला ठाऊक नव्हते. मास्तरांनी मला शाळा सुटल्यावर रोज थांबवून गणित आणि रसायन शिकवले, आणि पुढे माझ्या वडिलांना स्वतः भेटून इंदूरच्या कॉलेजात पाठवायला लावले. आज माझ्या नावापुढे जी दोन अक्षरे लागतात ती त्यांची आहेत. पण मला सांगायचे आहे ते इंदूरला जाण्याआधीचे, प्लेगच्या थंडीतले.

देवास एक गाव होते, पण राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या पेठेचा मोठा रस्ता हीच सरहद्द. पूर्वेचा काठ एकीचा, पश्चिमेचा दुसरीचा. कचेऱ्या वेगळ्या, शिपाई वेगळे. आम्हाला त्याचे काही वाटत नसे. मी पश्चिमेच्या काठाला माझ्या कोंडूमावशीकडे राहत होतो, आणि समोरच्या दुकानातून गूळ आणायला परराज्यात जात होतो.

त्या साली उंदीर पडू लागले. घरात मेलेला उंदीर सापडला की कचेरीत कळवायचे, मग शिपाई येऊन घर रिकामे करीत आणि माणसांना टेकडीमागच्या माळावर झोपड्यांत नेत. लोक प्लेगपेक्षा झोपडीला जास्त भीत. मागे राहिलेल्या घराची कौले उचकटून आत चुना मारीत. हंडेभांडी कुठे जातील याचा भरवसा नसे.

मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर पेठेचा मोठा नकाशा लावला. उंदीर सापडला की तेथे तांबडा ठिपका. दोन्ही कचेऱ्यांना विनवून त्यांनी बातम्या एकत्र करायची परवानगी मिळवली होती. त्यापूर्वी असे कधी झाले नव्हते. थोड्याच दिवसांत नकाशा बोलू लागला. सगळे ठिपके पूर्वेच्या काठाला, पश्चिमेला जवळजवळ काही नाही. मास्तर नकाशापुढे तासन् तास उभे राहत. एके दिवशी ते म्हणाले, "रस्ता रुंद आहे, खडीचा आहे. उंदीर उघड्यावर धावायला भितो. दामोदर, रुंद रस्ता हीच प्लेगची भिंत असेल तर? गावंच्या गावं उठवायला नकोत. नुसता एक काठ उठवला की झालं."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी एक निबंध लिहिला. तो मुंबईच्या एका विद्वानांच्या मंडळाकडे जायचा होता. दोन्ही पात्यांच्या कारभाऱ्यांना त्यांचे म्हणणे पटले. कोणाला नको होते? निम्मी पेठ घरातच राहणार होती. पूर्वेचा काठ उठला. लोक शिव्या देत, गाडग्यामडक्यांसह माळावर गेले. आम्ही पश्चिमेचे लोक दारात उभे राहून पाहत होतो.

त्यानंतर आठवडाभराने मी सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो. कोंडूमावशी दाराशी वाकलेली होती. तिच्या हातात केरसुणी आणि सुपली. तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिले आणि सुपलीतले काहीतरी जोराने पलीकडे भिरकावले. ते समोरच्या रिकाम्या ओट्याला आपटून खाली पडले. उंदीर होता.

"मावशी!"

"ओरडू नकोस मेल्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पलीकडे गेला. पलीकडचा झाला."

"अगं, पण तो आपल्या घरातला..."

"आता त्यांच्या राज्यात आहे ना? त्यांची कचेरी बघेल. आपल्या शिपायाला तिकडे पाऊल टाकता येत नाही." तिने सुपली आपटली. "सगळेच टाकतात. मी काय जगावेगळं केलं?"

मी आत गेलो तर काका, म्हणजे मावशीचे यजमान, पांघरूण घेऊन पडले होते. "काही नाही रे, अंगात जराशी कसर आहे," ते म्हणाले. पण काखेत गाठ आल्यासारखा त्यांनी हात अंगापासून लांब धरला होता.

मी शाळेकडे धावलो. काय सांगायचे हे मला ठाऊक होते. सांगितले तर मावशीचे घर उठणार, काकांना आजाऱ्यांच्या झोपडीत नेणार, आणि मास्तरांचा निबंध मातीला मिळणार. न सांगावे तर अख्खा काठ प्लेगमध्ये झोपलेला.

मास्तरांनी ऐकून घेतले. "कशावरून सगळेच टाकतात?" त्यांनी विचारले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग ते नकाशाकडे वळले. ठिपके पूर्वेच्या घरांच्या आत नव्हते. बहुतेक सगळे ओट्यांपाशी, रस्त्याच्या कडेला होते. "हे माझ्या डोळ्यांसमोर होतं," ते म्हणाले. "मी धारचा माणूस. तिथे एकच राज्य. उंदीर रस्त्यापलीकडे टाकून तिथे कोणाचं काय भलं होणार होतं? मी याला नुसता रस्ता समजलो." त्यांनी टोपी घातली. "चला. दुपारी दोन्ही कारभारी इथे जमणार आहेत. तोपर्यंत पक्कं कळलं पाहिजे."

तुमच्याकडे उंदीर पडला का, असे विचारून काय होणार, असे मला वाटत होते. पण मास्तरांनी तसे विचारलेच नाही. पहिल्याच दारात एक माळीण दोर वळत बसली होती. ते तिच्या ओट्यावर टेकले, तिच्या शेळीची चौकशी केली आणि मग सहज म्हणाले, "बाई, तुमच्या शेजारी कोणी उंदीर पलीकडे टाकताना दिसतं का हो?"

"म्हारा घर में तो एक नी निकल्यो, मास्टरसाब," ती आधी म्हणाली. मग दोर बाजूला ठेवून पुढे सरकली. "पण वा सामे नाखे है, पाठली वाली. रोज! झाडू से. और वणी की सासू भी."

रोज झाडूने उंदीर समोर टाकते असे माळीण जिच्याबद्दल म्हणाली, त्या शेजारणीने उलट माळणीचेच नाव सांगितले. तिसऱ्या घरातल्या भटजींनी आपला उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन, तो आपण कसा फेकू, असे बजावून पहिल्या दोन्ही घरांची साक्ष दिली, आणि त्यांच्या मुलीने आतून हाक मारून विचारले, "बाबा, कालच्या सुपलीचं काय करू? धुऊ?"

भटजी कासावीस झाले. मास्तरांनी न ऐकल्यासारखे केले. रस्त्यावर आल्यावर ते मला म्हणाले, "स्वतःचं विचारलं की माणूस साधू होतो, शेजाऱ्याचं विचारलं की साक्षीदार. मी इतके दिवस साधूंना विचारत होतो." यात विनोद होता, पण ते हसत नव्हते. जवळजवळ पळत होते.

दुपारी कारभारी शाळेत आले. एकाने दुसऱ्याच्या कचेरीत जायचे नाही म्हणून अशा बैठका शाळेतच होत. मास्तर नकाशाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "माझा निष्कर्ष चुकला. प्लेग पश्चिमेच्या काठाला आहे. आज संध्याकाळच्या आत तो उठवावा, अशी माझी विनंती आहे."

 मग पूर्वेकडचे कारभारी म्हणाले, "म्हणजे आमची माणसं फुकट माळावर कुडकुडतात?"

"फुकट नाही. तिथेही लागण असेल. पण मुळात तिथून सुरू झाली असं मी म्हणालो, ते खोटं."

"आठ दिवसांपूर्वी तुम्ही इथेच उभे होता, मास्तर. तेव्हा शास्त्र होतं. आज काय, भविष्य?"

"तेव्हा मी उंदीर मोजले होते, साहेब. उंदीर जिथे सापडतो तिथेच मरतो, असं धरून चाललो. माणसाला धरलंच नव्हतं."

पश्चिमेचे कारभारी उठले. आपल्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय एकही घर उठणार नाही, आणि डॉक्टर परवा उज्जैनहून येतील, असे म्हणाले. "रोज निष्कर्ष बदलणाऱ्याच्या शब्दावर मी लोकांच्या चुली विझवू?" त्यात त्यांचे काही चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

मास्तर डॉक्टरांसाठी थांबले नाहीत. ते पश्चिमेच्या काठाला दारोदार गेले. ते कोणालाच उंदीर टाकला म्हणून बोलले नाहीत. फक्त सांगत होते, "मी तुम्हाला राहा म्हणालो होतो. मी चुकलो. आता निघा." कोणी दार लावून घेतले, कोणी हसले. माळीण मात्र शेळी सोडून निघाली. मग भटजी निघाले, आणि ते निघाले म्हणून आणखी चार घरे. काकांना मी आणि मास्तरांनी बाजेवर घालून नेले. मावशी मागून केरसुणी, पाटा, देव, सगळे गाठोड्यात बांधून आली.  डॉक्टर आले तोपर्यंत पश्चिमेचा निम्मा काठ माळावर होता. जे घरात राहिले त्यांच्यातली माणसे पुढे रोज दगावू लागली.

काका तिसऱ्या दिवशी झोपडीतच वारले.

उन्हे तापली आणि प्लेग ओसरला. लोक घरी परतले. मास्तरांनी निबंध पुन्हा लिहिला आणि मुंबईला पाठवला. त्याच्या पहिल्या परिच्छेदात लिहिले होते, की या लेखकाच्या आधीच्या निष्कर्षामुळे काही कुटुंबे आठ दिवस अधिक धोक्यात राहिली. मी तो उतरवून देत होतो. म्हणालो, "मास्तर, हे शेवटी लिहावं. एवढं आधी वाचलं तर पुढचं कोण वाचणार?" ते म्हणाले, "पुढचं वाचलं नाही तरी चालेल. हे वाचलं पाहिजे." मंडळाकडून उत्तर आले नाही.

गावातही त्यांचे कोणी राहिले नव्हते. पूर्वेचे लोक म्हणत, यानेच आम्हाला आधी उठवले. पश्चिमेच्या लोकांना त्यांचे आभार मानायचे तर उंदीर फेकल्याचे कबूल करावे लागले असते. म्हणून ते मास्तर दिसले की दारातून आत जात. भाजीवाली न बोलता मेथी तोलून देई. शाळेच्या नव्या सालाआधी ते धारला परत जायला निघाले.

गाडीत सामान भरायला मी एकटाच आलो होतो. गाडीवान बैलांना पुढे हाकणार, एवढ्यात कोंडूमावशी पदर घट्ट गुंडाळून रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात दशम्यांचे फडके होते. तिने ते गाडीत ठेवले आणि चाक धरून उभी राहिली.

"मास्तर, उंदीर मीच टाकला होता. एकदा नाही, रोज. तुम्ही नकाशासाठी दारोदार विचारत आलात, तेव्हा मी नाही म्हणाले. तेव्हाच हो म्हटलं असतं तर हे आज असते."

"कोंडूबाई, माझा कागद सांगत होता तुम्ही राहा म्हणून."

"कागद मला वाचता येत नाही. मी घरात होते. मला दिसत होतं."

मी मास्तरांकडे पाहिले.  या बाईने स्वतःबद्दल, कोणी न विचारता, सांगितले होते. हे त्यांच्या कुठल्याच अभ्यासात बसत नव्हते.

"पहिला केव्हा पडला?" त्यांनी हळूच विचारले.

"संक्रांतीच्या आधी. उतरंडीखाली. मी कोणालाच सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही."

मास्तर गाडीतून खाली उतरले. "भिया, ऊन होईल," गाडीवान कुरकुरला. "इंदूर गाठायचं आहे."

"बैल सोडा," मास्तर म्हणाले. ते मावशीच्या मागोमाग चालत तिच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी खिशात हात घातला नाही. पेन्सिल काढली नाही. "पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले, आणि ती सांगू लागली.