आत्याचं गार माजघर: कोल्हापूर ते कुरुंदवाड आणि परत

एप्रिल लागला आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीचा स्लॅब तापायला लागला. आप्पा, माझे वडील, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते. यांना गारव्यात ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कूलर होता, पण नेमकं दुपारचंच लोडशेडिंग. मी ओला टॉवेल बदलत बसायची आणि त्यांचा श्वास ऐकत राहायची. एका दुपारी ते जड जिभेनं म्हणाले, "मला अक्काच्या माजघरात न्हेऊन ठेव."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कुरुंदवाडची माझी आत्या. तिचं घर भेंड्याचं, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांचं. हातभर रुंद भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा उन्हाळाभर त्याच माजघरात आत्या पाढे घ्यायची आणि आप्पा शुद्धलेखन. बाहेर रणरणतं ऊन आणि आत गार जमिनीवर माझी पाटी.

मी फोन केला. आत्या म्हणाली, "ये की. आदी एकटीच ये."

शेजारच्या मावशींना आप्पांजवळ बसवून मी सकाळची एसटी धरली. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळचीच धरा. दुपारी पत्रा भाजतो. जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी करत गाडी दीड-दोन तासांत पोचते आणि बायकांच्या अर्ध्या तिकिटाला पन्नासाची नोट पुरते. दोन्ही बाजूंना ऊस तुटलेली रानं होती, कुठं कुठं पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवलेलं. कुरुंदवाडच्या नावाजलेल्या बासुंदीचं दुकान तिथल्या स्टँडजवळच आहे. मी येताना घेऊ म्हटलं आणि विसरले.

आत्याच्या दारात गेले आणि पत्ता चुकला असं वाटलं. समोर सिमेंटचं घर, आणि त्याच्या स्लॅबवर वाळल्या पाचटाचा जाड थर.

शेजारचे काका कट्ट्यावरून ओरडले, "या पावणं! तुमच्या आत्यानं बंगल्याला झोपडीची टोपी घातलीया बघा!"

"तुझ्या फॅनला करंट आला की सांग," आत्या आतून म्हणाली, "मग काढती टोपी!"

ती हसत बाहेर आली. माझं तोंड बघून मात्र तिचं हसू विरलं.

"म्हापुरात गेलं गं सगळं. चार दिस पानी हुतं घरात. पक्क्या विटंचं न्हवं ते. भेंडाच तो, इरघळला."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"त्याच आठवड्यात तुजा बा, आमचा बाळू, आडवा झाल्याला. आजारी मानसाला काय सांगू, तुजी भिंत इरघळली म्हनून?"

आता कळलं, दोन वर्षं तीच का येत होती आणि आम्हाला कधी 'या' का म्हणत नव्हती.

जुन्या माजघराच्या जागी तिनं मला जेवायला वाढलं. खाली फरशी होती. खिडकीला ओलं पोतं लावलेलं. जुना गारवा नव्हता, पण आमच्या खोलीसारखी आगही नव्हती. जेवण झाल्यावर तिनं मला वर नेलं. पाचट वीतभर तरी जाड हवं. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं विटा आणि वर जुनी मासळीची जाळी. रोज भरपूर पाणी, कारण कोरडं ठेवलं तर एका ठिणगीचं काम. चूल किंवा फटाके जवळ असतील तर हे करूच नका.

निघताना तिनं माझा हात धरला. "त्येला सांगू नगंस हं. घर हाय म्हन तसंच."

खोटं बोलायचं नाही, हे मला या दोघांनीच शिकवलं होतं, आणि तेही याच जागेवर. मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच ठरवता आलं नाही. परतीच्या एसटीत तेवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या कसबा बावड्याच्या रानातून टेम्पोभर पाचट आणून आमच्या स्लॅबवर पसरलं. पाचट फुकट मिळालं, भाडं तेवढं पडलं. घरमालक कुरकुरले, पण आप्पांकडे बघून गप्प बसले. दोन दिवसांत खोलीतली धग उतरली. आप्पांना दुपारी डोळा लागायला लागला.

तिसऱ्या दुपारी त्यांनी विचारलंच. "अक्काचं माजघर गार हाय न्हवं अजून?"

मी टॉवेल पिळत राहिले. मग सांगितलं. भिंती, पूर, सगळं.

ते वर स्लॅबकडे बघायला लागले. मला वाटलं, मी काहीतरी मोडून टाकलं.

"मग अक्का दुपारची कुठं बसती?"

"अशीच, पाचटाखाली. तुमच्यासारखीच."

"तिला म्हणावं, पानी सकाळीच मार. दुपारी उनात वर चढू नगं."

मी ते तसंच फोनवर सांगितलं.  आत्या रडली आणि म्हणाली, "बरं म्हनावं."

आप्पा मे सरता सरता गेले. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी पाचटाचा उपाय करून पाहावा, म्हणून हे लिहिलं. मी सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही नक्की माहीत नाही. पुराला न विरघळणारं आणि उन्हाला न तापणारं घर कसं बांधायचं, हेही मला कुणी सांगितलेलं नाही.

आत्या अजून सकाळीच पाणी मारते. त्या वर्षी आप्पांची खोली रिकामी झाल्यावरही, पाऊस येईपर्यंत, मीही रोज सकाळी वर जाऊन मारत होते.