आमच्या अंगणातले तीन चंद्र

विट्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची जागा निघाली आणि मी अर्ज केला. लग्नाआधीची बी.एस्सी., बी.एड. इतकी वर्षं कपाटात पडून होती. घरात खायची ददात नव्हती. माझं डोकं गंजत चाललं होतं, म्हणून मला ती नोकरी हवीच होती. सासूबाईंना मात्र हे खूळ वाटत होतं. "घरात काय कमी हाय तुला?" म्हणायच्या आणि फुगून बसायच्या.

निवडीसाठी वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा होता. मी विषय घेतला, एका ग्रहाला अनेक चंद्र सांभाळता येतील का? रविवारी घरातल्यांवरच तालीम केली. अंगणातलं पाण्याचं पिंप म्हणजे ग्रह. फौजेतनं निवृत्त झालेले सासरे, सासूबाई आणि जाऊबाई हे तीन चंद्र.

"फिरा," म्हटलं, तर सासऱ्यांनी तिघांची एक रांग धरली आणि हातात हात घालून पिंपाभोवती चालवायला लागले. बाहेरच्या टोकाला सासूबाई. त्यांना पळावं लागत होतं.

"आवं, जीव घेताय व्हय माझा!"

"मामा, हे काय?" मी ओरडले.

"मळणी! बैल असंच फिरत्यात. भाईरच्याला लय चालाय लागतं."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. म्हटलं, "मामा, चंद्रांना दावं नसतं. आतला पळतो, बाहेरचा सावकाश जातो." मग सासरे आत पळायला लागले आणि सासूबाई बाहेरून ऐटीत चालल्या. जाऊबाई सासऱ्यांच्या फार जवळ गेल्या आणि दोघांची टक्कर झाली.

"हे असं होतं," मी म्हणाले. "फार जवळ असले की एकमेकांना ओढून वाट बिघडवतात. एखादा ग्रहापासून फार लांब गेला तर त्याला सूर्य पळवतो. मधे पुरेशी जागा असली की खुशाल फिरतात. गुरूला तर ढिगानं चंद्र आहेत."

"बरं हाय की," सासूबाई म्हणाल्या.

पाठाच्या दिवशी मी पहिल्याच वाक्याला अडखळले. शेवटी मळणीचा किस्साच सांगितला, तेव्हा कुठे पोरं हसली आणि माझी जीभ सुटली. निवडीसाठी मागे बसलेल्या सरांनी विचारलं, "हे चंद्र कायमचे टिकतील, असं खात्रीनं सांगता?"

"नाही सर. कायमचं म्हणायची माझी छाती नाही. पण अंतरं नीट असली तर फार फार काळ टिकतील."

त्यांनी हातातली वही मिटली. गेली नोकरी, असं समजूनच मी घरी आले.

चार दिवसांनी फोन आला. मिळाली! जाऊबाईंनी मला मिठीच मारली.

"शाळा कवा भरती?" सासूबाईंनी विचारलं.

"अकराला. पण एसटी लवकरची आहे, आत्या."

"मग सकाळच्या भाकरी मी थापणार. तू चुलीकडं फिरकलीस तर बघ."